ज्या तासाला गुण नाहीत

(प्रस्तावना)

क्युपर्टिनोत मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या वर्गांची वानवा नाही. स्टीव्हन्स क्रीक बुलेवार्डवरून किंवा डी आन्झा बुलेवार्डवरून गाडी जरा हळू चालवली तर दुकानांच्या रांगेत पाट्या दिसत जातात: अबॅकस, बुद्धिबळ, रोबोटिक्स, वादविवाद आणि त्यांच्याच शेजारी चित्रकला. या वर्गांत मुलं छायाप्रकाश उत्तम शिकतात, सफरचंद हुबेहूब काढतात, अकरावी-बारावीपर्यंत कॉलेज-प्रवेशाला लागणारा चित्रांचा संच तयार करतात, आणि 1923 पासून चालत आलेल्या स्कॉलॅस्टिक पुरस्कारांसाठी चित्रं धाडतात. त्यात वावगं काही नाही. शिकवणारे बहुतेक जण कसलेले असतात, आणि पैसे मोजणाऱ्या पालकांना त्यांचा मोबदला डोळ्यांना दिसतो. मग त्याच गावात, त्याच मुलांसाठी, फी न घेता, रविवारी दुपारी कुठल्या तरी सार्वजनिक खोलीत टेबलं मांडून आणि जुने कागद अंथरून आणखी एक चित्रकलेचा उद्योग कशाला करायचा? ज्यांची टिपणं या पुस्तिकेत एकत्र केली आहेत, त्या सगळ्यांना हा प्रश्न कोणी ना कोणी विचारलेला आहे. बहुधा घरच्याच माणसांनी.

साधं उत्तर असं, की ज्याची कुठेच नोंद होत नाही असा तास या मुलांच्या आठवड्यात उरलेलाच नाही. पोहायला गेलं तर सेकंद मोजले जातात, पियानोला परीक्षा असते, सॉकरला निवडीचे संघ असतात, वाचनालासुद्धा तक्ता असतो. वर्गातलं चित्रही पुढच्या पायरीच्या चित्राचा सराव असतं. सामुदायिक कार्यशाळेनं फार मोठ्या गोष्टी करायला जाऊ नये. ज्याचे गुण कोणी मांडत नाही असा एक तास तिनं राखावा, आणि त्या तासासाठी जागा, साहित्य आणि शहाणी माणसं जमवावीत. ऐकायला हे सोपं वाटतं, पण वर्ग चालवण्यापेक्षा ते अवघड जातं. वर्गात काय करायचं हे शिक्षकाला ठाऊक असतं. इथं मोठ्या माणसाला आधी काय करायचं नाही ते शिकावं लागतं.

गाव तसं लहान. 2020 च्या जनगणनेत लोकवस्ती 60 हजारांच्या आसपास भरली, आणि तिच्यातले दोन-तृतीयांशाच्या आसपास लोक आशियाई वंशाचे. इथं एकेकाळी जर्दाळू आणि प्रूनच्या बागा होत्या. 1955 साली क्युपर्टिनोला शहराचा दर्जा मिळाला, पुढं अ‍ॅपल आलं आणि बागा गेल्या. गावाच्या नावामागची कथा मात्र मला फार आवडते. 1776 साली हुआन बाउतिस्ता दे आन्झाच्या स्पॅनिश तुकडीनं इथल्या ओढ्याला सतराव्या शतकातल्या एका इटालियन संताचं, कोपर्टिनोच्या जोसेफचं नाव दिलं. हा जोसेफ अभ्यासात अगदी कच्चा. आख्यायिका अशी, की परीक्षकांनी त्याला नेमका तोच भाग विचारला जो त्याला येत होता, आणि तो सुटला. तेव्हापासून ख्रिस्ती परीक्षार्थी त्याचा धावा करतात. परीक्षांनी पछाडलेल्या गावाला परीक्षार्थ्यांच्या कैवाऱ्याचंच नाव मिळावं, याला योगायोग म्हणायचं की आणखी काही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

अर्थात या बाबतीत आपण मराठी माणसांनी क्युपर्टिनोला नावं ठेवण्यात अर्थ नाही. इथल्या मराठी पालकांतले कितीतरी जण स्वतः एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा देऊन आलेले आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन हे शब्द उच्चारले की चाळिशीतले इंजिनियर एकदम आठवीत जातात. बादली, केळी आणि त्यामागची चुण्या पडलेली चादर अजून त्यांच्या हातात आहे. त्या परीक्षांनी महाराष्ट्राला चित्रकार दिले, गावोगावच्या कलाशिक्षकांना मान दिला, हे खरंच. पण इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुण मिळू लागले, अलीकडच्या नियमांत ए श्रेणीला 7, आणि चित्रकलाही टक्केवारीच्या हिशेबात जमा झाली. तीच सवय आपण सामानात बांधून इथं आणली. गणेशोत्सवात मुलांची चित्रकला स्पर्धा हवी, विषय दिलेला हवा, पहिला-दुसरा-तिसरा हवा आणि कोणी रडू नये म्हणून दोन उत्तेजनार्थ हवेत. रडायचं ते मूल तरीही रडतंच.

आणखी एक सवय रंगमंचाची. मराठी मंडळांची बाहेरगावची बरीचशी ताकद कार्यक्रमात जाते. नाच, नाटुकलं, पोवाडा, लेझीम. 2024 च्या जूनमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन शेजारच्या सॅन होजेला भरलं, तेव्हा बे एरियातल्या घराघरात महिनोन्महिने तालमींचं वातावरण होतं. त्यात मजा आहे आणि माणसं जोडली जातात. पण रंगमंचावर टाळ्या मिळतात, कागदावर मिळत नाहीत. म्हणून चित्र, माती आणि कात्रणकाम कायम जेवणाआधीच्या मोकळ्या तासात, मुलांना गुंतवून ठेवण्यापुरतं उरतं. कार्यशाळेला पहिल्यांदा या जागेवरून हलवावं लागतं.

मुलं चित्र काढताना नेमकं काय करतात याचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास इथून तासाभराच्या अंतरावर झाला, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. रोडा केलॉग ही सॅन फ्रान्सिस्कोतली बालवाडी चालवणारी बाई. तिनं लहान मुलांची दहा लाखांहून अधिक चित्रं जमवली आणि त्यांची वर्गवारी केली. त्यावरचं तिचं पुस्तक 1969 साली पालो आल्टोच्याच एका प्रकाशकानं काढलं. दोन वर्षांच्या मुलाच्या गिरगोट्यांत तिला वीस मूळ प्रकार सापडले: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गुंतवळ, वर्तुळ आणि असेच आणखी. त्यांतून आकार, आकारांतून फुल्या घातलेली वर्तुळं, त्यांना किरण फुटले की सूर्य, आणि सूर्याच्याच किरणांचे पुढं हातपाय होऊन माणूस. देश कुठलाही असो, मूल साधारण याच वाटेनं जातं आणि ही वाट त्याला कोणी दाखवलेली नसते. केलॉगचं सगळंच म्हणणं आज अभ्यासकांना मान्य आहे असं नाही. पण तिची चित्रं एकदा पाहिली, की तीन वर्षांच्या पोरीच्या हाताला धरून घर, डोंगर आणि दोन डोंगरांमधला सूर्य काढून घेण्याचा आपला उत्साह बराच ओसरतो. कार्यशाळेत नव्यानं येणाऱ्या स्वयंसेवकाला दुसरं काही वाचायला दिलं नाही तरी हे पुस्तक चाळायला द्यावं.

पण या पुस्तिकेची खरी पूर्वज म्हणायची तर रूथ असावा. तारेच्या विणलेल्या, हवेत तरंगणाऱ्या शिल्पांमुळं आज जगभरची संग्रहालयं तिला ओळखतात. तिचा जन्म 1926 चा, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नॉरवॉकचा. आईवडील भाजीपाला पिकवणारे जपानी शेतकरी. 1942 साली अमेरिकी सरकारनं जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत टाकलं, तेव्हा रूथ सांता अनिताच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात राहिली. त्याच छावणीत डिस्नेच्या स्टुडिओत काम करणारे जपानी-अमेरिकन चित्रकारही अडकले होते. दिवसभर करायला काही नाही, म्हणून त्यांनी मुलांना गोळा करून चित्रं काढायला शिकवायला सुरुवात केली. सोळा वर्षांच्या रूथनं तिथं पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या चित्रकाराच्या शेजारी बसून चित्र काढलं. पुढं तिला कलाशिक्षिका व्हायचं होतं, पण मिलवॉकीच्या अध्यापक महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा शाळेतला सराव तिला मिळेना, कारण जपानी वंशाच्या मुलीला शाळा घेणार नाहीत. मग ती ब्लॅक माउंटन कॉलेजात जोसेफ आल्बर्सकडं शिकली, सॅन फ्रान्सिस्कोला आली, सहा मुलांची आई झाली आणि मुलं शाळेत जाऊ लागली तेव्हा शाळेत चित्रकला जवळजवळ नाहीच, हे तिच्या ध्यानात आलं.

1968 साली तिनं सॅली वुडब्रिज या मैत्रिणीच्या साथीनं आल्वाराडो प्राथमिक शाळेत कार्यशाळा सुरू केली. पैसे नव्हते, त्यामुळं घरातून जे निघेल ते साहित्य. दुधाची रिकामी खोकी, अंड्यांचे ट्रे, सुतळी. आणि बेकरीची माती: 4 कप मैदा, 1 कप मीठ, दीड कप पाणी. हे तिंबायचं, मुलांच्या हातात द्यायचं आणि झालेल्या आकृत्या मंद भट्टीत भाजायच्या. पोळीसाठी कणीक मळताना मराठी घरातलं मूल ओट्याशी उभं राहून जी चिमणी करतं, तीच ही कला. फरक एवढाच, की असावानं तिला चिमणीइतकं हलकं मानलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत युनियन स्क्वेअरजवळ स्टॉकटन स्ट्रीटवर एक गोल कारंजं आहे, 1973 चं. त्याच्या बाहेरच्या अंगावर अख्खं शहर आहे: पूल, ट्राम, टेकड्या, घरं, माणसं, कुत्री. त्या आकृत्या असावानं, तिच्या मित्रमैत्रिणींनी आणि शाळकरी मुलांनी याच मैद्याच्या गोळ्यातून केल्या आणि मग ब्राँझमध्ये ओतल्या. जवळ जाऊन पाहिलं तर काही माणसांची डोकी धडापेक्षा मोठी आहेत, खिडक्या वाकड्या आहेत. कोणी दुरुस्त केल्या नाहीत. मुलांच्या कामाला भिंतीवर चार दिवस टाचणीनं लावून मग कचऱ्यात टाकायचं असतं, असं मानणाऱ्या प्रत्येकानं तिथं दहा मिनिटं उभं राहावं.

आल्वाराडोची कार्यशाळा पुढं शहरातल्या अनेक शाळांत पोचली. शिल्पकार, वादक, माळी, आया आणि बाप, जो येईल तो शिकवायला उभा राहिला. असावाचा आग्रह असा, की मुलांना काम करणारा कलावंत दिसला पाहिजे, कलेविषयी बोलणारा नव्हे. सॅन होजेमध्ये, क्युपर्टिनोपासून अर्ध्या तासाच्या आत, तिनं 1994 साली केलेलं जपानी-अमेरिकन बंदिवासाचं ब्राँझचं स्मारक आहे. मुलांची सहल न्यायची तर तिथं न्यावी. त्यात तबेले आहेत आणि छावणीतलं रोजचं जिणंही आहे.

कॅलिफोर्नियाच्या शाळांतून उरलीसुरली कला गेली कशी, याचं कारण आर्थिक आहे आणि ते एका तारखेवर बोट ठेवून दाखवता येतं. जून 1978 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 13 मंजूर केलं आणि घरपट्टीला लगाम बसला. घरमालकांचं भलं झालं; शाळांचा पैसा आटला. आटलेल्या पैशात आधी गणित-भाषा सांभाळायची म्हटल्यावर चित्र, संगीत आणि ग्रंथपाल यांच्यावर कुऱ्हाड पडली. त्यानंतरच्या पिढ्यांना शाळेत जी काही कला मिळाली ती पालकांच्या वर्गणीतून, स्वयंसेवक आयांकडून आणि बाहेरच्या संस्थांकडून. क्युपर्टिनोपुरतं यात डी आन्झा कॉलेजच्या युफ्रॅट संग्रहालयाचं नाव घ्यायलाच हवं. 1971 साली सुरू झालेली ही लहानशी जागा. जॅन रिंडफ्लाइश यांनी 1979 पासून तीनेक दशकं ती सांभाळली आणि संग्रहालयानं आसपासच्या शाळांमधून, शाळा सुटल्यावर, मुलांसाठी कलावर्ग चालवले. गावातल्या सगळ्यांना परवडतील अशी तिथली वृत्ती होती. क्युपर्टिनोत सगळेच शेअर बाळगून असतात ही समजूत चुकीची आहे. खोलीभर भाड्यात चौघं राहणारी घरं इथंही आहेत, उपाहारगृहांत आणि पाळणाघरांत राबणाऱ्यांची मुलं याच शाळांत येतात. 2022 च्या नोव्हेंबरात मतदारांनी प्रपोझिशन 28 मंजूर करून शालेय निधीच्या 1 टक्क्याइतका पैसा, म्हणजे वर्षाला सुमारे शंभर कोटी डॉलर, कला आणि संगीतासाठी बाजूला काढला. त्यातून शिक्षक नेमले जाऊ लागले आहेत. चांगलंच झालं. पण शाळेतला तास परत आला तरी त्याबरोबर शाळेची श्रेणीही परत येते, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात या वाटेवर चाललेली माणसं आहेतच. पुण्यात सारसबागेजवळ 1985 पासून गरवारे बालभवन आहे. शोभा भागवतांनी ते वाढवलं, आणि पुण्यातल्या कितीतरी मुलांच्या संध्याकाळी तिथल्या मातीत, रंगात आणि गाण्यांत गेल्या. रत्नाकर मतकरींनी 1960 च्या दशकात बालनाट्य उभं केलं, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, 2014 पासून, ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ चालवला. तिथं मुलांनी स्वतःच्या जगण्यातली नाटकं स्वतःच रचली. बालभवनाची रोजची सवय आणि मतकरींचा मुलांच्या गोष्टीवरचा विश्वास, या दोन्ही गोष्टी क्युपर्टिनोला उसन्या घेण्यासारख्या आहेत. जमत नाही ते रोजपण. इथं कोणतीही गोष्ट कॅलेंडरवर तीन आठवडे आधी टाकल्याशिवाय होत नाही.

आता कामाकडं. खोली मिळवण्यापासून सुरुवात होते. क्विनलन कम्युनिटी सेंटर असो, वाचनालयाची खोली असो की एखाद्या सोसायटीचं क्लबहाउस, नियम वाचून घ्यावेत. पुष्कळ ठिकाणी विम्याचं प्रमाणपत्र मागतात आणि गालिच्यावर रंग सांडला तर अनामत जाते. गालिचा असलेली खोली घेऊच नये. कायद्याची बाजू कंटाळवाणी वाटली तरी टाळता येत नाही. असेंब्ली बिल 506 या नावानं ओळखला जाणारा कॅलिफोर्नियाचा कायदा 2022 पासून लागू आहे. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जो प्रौढ स्वयंसेवक महिन्याला 16 किंवा वर्षाला 32 तासांपेक्षा जास्त वेळ मुलांमध्ये असतो, त्यानं बालशोषण ओळखण्याचं प्रशिक्षण घ्यायचं आणि बोटांचे ठसे देऊन पडताळणी करून घ्यायची. ‘आपलीच माणसं आहेत, कशाला हवंय?’ असं म्हणणारे काका प्रत्येक मंडळात असतात. आपलीच माणसं आहेत म्हणूनच हवंय. खोलीत एकटा प्रौढ मुलांबरोबर कधी नसावा, दार उघडं असावं, फोटो काढायचा तर पालकांची लेखी परवानगी असावी.

साहित्याच्या बाबतीत कंजूषपणा कागदात करू नये, रंगांत करावा. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच द्यावेत. काळा तर पहिल्या दिवशी लपवूनच ठेवावा. हिरवा मागायला आलेल्या मुलाला हिरवा दिला की त्याची दुपार संपली. पाण्याची भांडी रुंद बुडाची हवीत, नाहीतर ती उलटतातच. बाटल्यांवर विषारी नसल्याचा एपी शिक्का पाहावा. 1988 च्या केंद्रीय कायद्यानं कलासाहित्यावर धोक्याची सूचना छापणं सक्तीचं केलं आहे. आपल्याकडच्या वस्तू आणताना तर दुप्पट दक्षता हवी. काही सिंदुरांत शिसं असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं दिलेला आहे, तेव्हा देव्हाऱ्यातला करंडा रंग म्हणून वापरायचा नाही. दगडाच्या पुडीची रांगोळी लहान मुलांच्या नाकात जाते, त्यांना तांदळाचं पीठ द्यावं. आणि खाऊ आणणाऱ्यांनी शेंगदाण्याची चिक्की घरीच ठेवावी.

दिवाळीच्या किल्ल्याचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत मोठं झालं आहे, आणि ते योग्यच आहे. कारण मुलांची सामुदायिक कला कशी असते हे महाराष्ट्राला कोणी शिकवायची गरज नव्हती. वाड्याच्या कोपऱ्यात विटा, गोणपाट, चिखल, वर अळीव पेरलेला, पायथ्याशी मावळे आणि शिखरावर सिंहासन. मोठ्या माणसांचा संबंध फक्त चिखल घरात आणू नका एवढं ओरडण्यापुरता. क्युपर्टिनोत वाड्यासारखं अंगण नसतं, म्हणून किल्ला प्लायवुडच्या फळीवर उभारतात. आतला सांगाडा कुरिअरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. त्यांची इथं कमतरता नाही. दुकानातून पिशवीबंद माती आणली तर फसगत होते: ती झाडांसाठी भुसभुशीत केलेली असते, भिंतीवर थापली की गळून पडते. उलट इथल्या परसातली चिकट काळी अडोबी, जिच्या नावानं सगळे बागवाले बोटं मोडतात, ती किल्ल्याला अस्सल. गोणपाट तिच्या चिखलात भिजवायचं, खोक्यांवर पसरायचं, हातानं कडेकपारी दाबायच्या आणि अळीव ओलसर असतानाच टाकायचा. भारतीय दुकानात तो मिळतो. नोव्हेंबरच्या थंड रात्री त्याला उगवायला एक-दोन दिवस जास्त लागतात, हे धरून फळी आधी तयार ठेवावी.

किल्ल्यावर मग डायनोसॉर येतो. दोन बुरुजांच्या मध्ये गोल्डन गेट पूल येतो, महाराजांच्या शेजारी एखादी टेस्ला उभी राहते. तेवढ्यात कोणीतरी बाबा इतिहास सांगायला पुढं सरसावतात. त्यांना चहाला न्यावं. साताऱ्या-पुण्याच्या वाड्यांतल्या किल्ल्यावरही वाघ बुरुजापेक्षा मोठा असायचा आणि तळ्यात प्लॅस्टिकचं बदक पोहत असायचं. इतिहास सांगायचा तो किल्ला झाल्यावर, मुलांनी विचारला तर. आणि मुलं विचारतात, कारण चोरदरवाजा नक्की कुठं असतो हे माहीत असल्याशिवाय तो बांधता येत नाही.

आज्या आणि आजोबा ही इथल्या कार्यशाळांची दौलत आहे. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली ही माणसं दिवसभर घरात एकटी असतात, आणि हातात कला असूनही ती त्यांनी कधी कला म्हणून मोजलेली नसते. ठिपक्यांची रांगोळी घाला म्हटलं की सुरुवातीला ‘मला कुठं येतंय’ होतं. मग पदर खोचला जातो, चिमटीतून पीठ सुटतं आणि सात ठिपके सात ओळी क्षणात पडतात. समोर बसलेल्या, मँडरिन बोलणाऱ्या घरातल्या मुलाला मराठी कळत नाही, आजींना इंग्रजी येत नाही, पण ठिपका चुकला की दोघांनाही एकाच वेळी कळतं. ‘अरे राजा, इथून वळव,’ एवढं त्या बोटानं सांगतात. एक सूचना: पर्यटक म्हणून आलेल्यांना मानधन देता येत नाही. शाल-श्रीफळ चालतं.

अवघड जातात ते पालक. दारात मूल सोडून ते जात नाहीत. मागं उभे राहतात. ‘आकाश निळं कर ना गं’, ‘तिचं बघ किती छान झालंय’, ‘पूर्ण नाही का करायचं?’ अर्धवट चित्राचा त्यांना मनस्ताप होतो. त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत चहा ठेवणं हा एक उपाय; त्यांनाच एक कोरा कागद आणि ब्रश देणं हा दुसरा आणि जास्त परिणामकारक. पंधरा मिनिटं स्वतः कोऱ्या कागदासमोर बसलं की सूचना आपोआप थांबतात. शेवटी काय घरी न्यायचं हे मुलानं ठरवावं. काहीच न्यायचं नसेल तरी चालेल. प्रदर्शन केलंच तर सगळ्यांचं लावावं, नाहीतर कोणाचंच नको. फी नको, पण परत मिळणारी थोडी अनामत हवी, कारण फुकट म्हटलं की नोंदणी भरमसाट होते आणि हजेरी निम्मी.

हायस्कूलच्या मुलामुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. ती येतात सेवेचे तास भरायला, कारण प्रवेशअर्जात ते लिहायचे असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्यांना टोचून बोलण्यात शहाणपण तर मुळीच नाही. चूक आपण करतो: त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवतो, खुर्च्या उचलायला लावतो. त्यांच्याकडं लहान मुलांचं एक टेबल सोपवावं. सहा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांचा दादा आपल्या बापापेक्षा किती तरी मोठा वाटतो. त्याच्या शेजारी बसून तो दादा स्वतःही काही तरी काढू लागतो, ज्याचा कुठल्याही अर्जात उपयोग नाही. काहींचे तास भरतात आणि ती निघून जातात. काही राहतात.

शेजारच्या पालो आल्टोत 2009 आणि 2014 च्या सुमारास काही शाळकरी मुलांनी जीव दिले. 2016 साली केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण विभागाचं पथक तपासाला येऊन गेलं. त्यानंतर या भागातल्या प्रत्येक उपक्रमाला मनःस्वास्थ्याचं लेबल लावायची पद्धत पडली. या पुस्तिकेनं तो दावा केलेला नाही, याबद्दल मी संपादकांचा आभारी आहे. रंग हे औषध नव्हे. जे मूल खरोखर बुडत आहे त्याला समुपदेशक हवा आणि त्याचा फोन नंबर स्वयंसेवकाच्या खिशात हवा. कार्यशाळेच्या हातात एवढंच आहे की मुलाला ओळखणारा, पण त्याला मार्क न देणारा एक मोठा माणूस गावात वाढतो. अडचणीच्या वेळी मूल त्याच्याकडं येईल का, ते सांगता येत नाही. आलं तर त्याला काय करायचं ठाऊक असावं, म्हणून वर सांगितलेलं ते कंटाळवाणं प्रशिक्षण.

पुस्तिका कुठूनही वाचायला घ्यावी. क्रम संपादकांच्या सोयीचा आहे. ज्यांच्याकडं फक्त एक दुपार आणि आठ मुलं आहेत त्यांनी मातीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण माती चुकत नाही. ज्यांना वर्षभराचा उपक्रम करायचा आहे त्यांनी आधी विम्याचं आणि पडताळणीचं प्रकरण संपवावं, मग रंगांकडं वळावं. मापं सगळी अमेरिकी कपात आहेत. पुण्या-नाशकात वापरायची झाली तर कपाऐवजी घरातली वाटी घ्या. मैदा, मीठ आणि पाण्याचं चारास एकास दीड हे प्रमाण पाळलं की झालं. पाणी मात्र एकदम ओतू नका.